गाणं तुमचं, चॅनल त्यांचं, मग पैसे कोणाचे?



आजचा विषय गाण्याचा आहे. आपल्यातले पापड-मसाला, कपडे, मोबाईल रिपेअरिंग या लाइनमधले लोक लगेच बाहेर पडू नका, कारण बोलायचंय ते शेवटी मालकीबद्दल. आणि तुमच्या घरात, गल्लीत, बेंजो पार्टीत किंवा भजनी मंडळात कोणी स्वतःची गाणी करत असेल, तर हे त्याला वाचून दाखवाच.

पेणला एसटी स्टँडजवळ आमचं मोबाईलचं दुकान. २०११-१२ च्या सुमारास मी बीबीए करत होतो आणि संध्याकाळी काउंटरवर बसायचो. तेव्हा दुकानात सगळ्यात जास्त मार्जिन कशात होतं सांगू? कव्हरमध्ये नाही, चार्जरमध्ये नाही. मेमरी कार्डमध्ये गाणी भरून देण्यात! दोन जीबीचं कार्ड कॉम्प्युटरला लावायचं, ‘आगरी-कोळी’, ‘डीजे’, ‘भक्ती’, ‘हिंदी नवीन’ असे फोल्डर कॉपी-पेस्ट करायचे आणि वीस रुपये घ्यायचे. मालाची खरेदी शून्य. लग्नसराईत तर रांग लागायची.

अशाच एका संध्याकाळी जवळच्या गावातला एक बेंजो पार्टीवाला आला. हळदीची गाणी भरून दे म्हणाला. मी चेक करायला एक गाणं स्पीकरवर लावलं. तो हसला आणि म्हणाला, “शेठ, यो गाना माझाच हाय.” मीही हसलो. आणि त्याच्याकडून वीस रुपये घेतले.

हे मी व्हिडिओत कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा त्यात काही चुकतंय असं मला वाटलंच नाही. सहा गाण्यांचे त्याला एकरकमी पाच हजार मिळाले होते, सीडी काढणाऱ्याने त्यावर किती कमावले ते त्यालाही माहीत नव्हतं, आणि माझ्यासारख्या दुकानदारांनी तर फुकटच विकली. कॅसेटच्या काळापासून हीच रीत: मानधन घ्या, सही करा, विसरून जा.

आता तोच माणूस, आपण त्याला दादा म्हणू, गेल्या वर्षी पुन्हा दुकानात आला. आता स्मार्टफोन हातात. एका चॅनलवर त्याचं नवीन हळदीचं गाणं, खाली काही लाख व्ह्यूज. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाज त्याचा. मिळाले किती? सात हजार. मला म्हणाला, “शेठ, आता तर मोबाईलवर सगळ्यांना पैसे भेटतात, मला का नाय?”

मी करार मागितला. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर होता. त्यावर लिहिलेलं: सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी. खाली दादाची सही.

माझं मत सरळ सांगतो. डिजिटलवर गाणं टाकून पैसे मिळतात का, हा प्रश्नच मागून दुसरा आहे. पहिला प्रश्न आहे, गाणं कोणाच्या नावावर आहे? आमच्या पेणमध्ये गणपतीच्या मूर्तीचे कारखाने घरोघरी आहेत. कारखानदार मूर्ती होलसेलला विकेल, उधार देईल, भाव पाडून देईल. साचा देईल का? साचा गेला की पुढच्या वर्षी तोच गणपती दुसरा कोणीतरी काढणार. आपले कलाकार मात्र मूर्तीच्या किमतीत साचा देऊन मोकळे होतात.

गाण्यात हा साचा जरा गुंतागुंतीचा असतो. जमिनीचा सातबारा एकच, पण गाण्याचे दोन असतात असं समजा. एक शब्द आणि चालीचा. तो गीतकार आणि संगीतकाराचा. दुसरा रेकॉर्डिंगचा. कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा पहिला मालक निर्माता धरला जातो, म्हणजे ज्याने ते करण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. गायक नाही! म्हणून चॅनलवाला जेव्हा म्हणतो “स्टुडिओचा खर्च मी करतो, तुम्ही फक्त गा”, तेव्हा तो उपकार करत नाहीये, साचा स्वतःच्या नावावर करतोय. स्टुडिओचे दहा-पंधरा हजार जमवणं अवघड आहे, मला माहितीये. पण आपण दुकान टाकताना डिपॉझिट जमवतोच ना? हे तुमचं डिपॉझिट आहे.

दादाच्या बाबतीत रेकॉर्डिंग गेलं ते गेलं. पण एक गोष्ट वाचली. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान हिस्सा करारातसुद्धा काढून घेता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बाकी कोणाला नाही. शब्द-चालीची ही रॉयल्टी गोळा करणारी सोसायटी म्हणजे आयपीआरएस. गीतकार, संगीतकार आणि म्युझिक पब्लिशर तिचे सभासद होतात. दादाने तीस-पस्तीस गाणी लिहिली असतील, पण आयपीआरएस हे नाव त्याने माझ्याकडे पहिल्यांदा ऐकलं. गायक-वादकांसाठी वेगळी संस्था आहे, इसामरा. तुमचा डिस्ट्रिब्युटर जे पैसे देतो ते मुख्यतः रेकॉर्डिंगचे असतात. शब्द-चालीचे पैसे वेगळ्या रस्त्याने येतात आणि त्यासाठी तुम्हाला स्वतः सभासद व्हावं लागतं, गाणी नोंदवावी लागतात. घरबसल्या कोणी आणून देणार नाही.

आता डिस्ट्रिब्युशन म्हणजे काय ते दुकानाच्या भाषेत सांगतो. स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक ही मोठी दुकानं. तिथे एकटा कलाकार सहसा थेट माल ठेवू शकत नाही, मधे डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी ही त्यातली नावं, भारतातलेही बरेच आहेत. तुम्ही त्याला डब्ल्यूएव्ही फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी कव्हर आणि सगळी माहिती द्यायची, तो सगळ्या दुकानांत गाणं पोचवतो. पण लक्षात घ्या, हा माल जांगडवर आहे. व्यापाऱ्याला जांगड माहिती असते: माल त्याच्या फळीवर, मालकी तुमची, खपला तर पैसे, नाही खपला तर पडून. फळीवर गेलं म्हणजे विकलं गेलं असं नाही. बऱ्याच पोरांना वाटतं अपलोड झालं की कमाई सुरू. तसं नसतं.

डिस्ट्रिब्युटर निवडताना लोक फक्त फी बघतात. कोणी वर्षाची फी घेतो आणि कमाईतून काही कापत नाही. कोणी एकदाच फी घेतो आणि वर टक्के कापतो, सीडी बेबी अशी ९ टक्के कापते. कोणी अपलोड फुकट देतो पण कमिशन जास्त. यात चांगलं-वाईट काही नाही, तुमच्या गाण्यांच्या संख्येवर गणित बसतं. मी मात्र आधी हे विचारीन की पुढच्या वर्षी फी भरली नाही तर गाणं राहणार की उतरणार. वार्षिक फीच्या प्लॅनमध्ये बहुतेक वेळा उतरतं. हळदीचं गाणं दोन वर्षांनी चालायला लागलं आणि तेव्हाच ते फळीवर नसलं, तर? दुसरं, भारतातल्या बँक खात्यात पैसे कसे येतात आणि कमीत कमी किती जमल्यावर काढता येतात. तिसरं म्हणजे यूट्यूबचं कंटेंट आयडी मिळतं का आणि त्याचा वेगळा कट किती.

आणि खातं कोणाच्या ईमेलवर आहे? हसू नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या केसेस इथेच अडकलेल्या असतात. “स्टुडिओवाल्या दादांनी टाकून दिलं.” “मित्राच्या अकाउंटवरून टाकलं.” मग गाणं चालतं, पैसे मित्राच्या खात्यात, आणि मैत्री चुलीत. अर्धा तास लागतो, पण स्वतःचा ईमेल, स्वतःचा पॅन, स्वतःचं बँक खातं. गाण्याला जो आयएसआरसी कोड मिळतो, बारा अक्षर-आकड्यांचा, तो वहीत लिहून ठेवा. उद्या डिस्ट्रिब्युटर बदलला तर तोच कोड पुन्हा द्यायचा, नाहीतर आधीचे ऐकण्याचे आकडे जोडले जात नाहीत. मूळ फाइल्सही स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. रेसो २०२४ च्या जानेवारीत भारतातून बंद झालं, त्याच वर्षी विंकही गेलं. दुकानं बंद होतात. माल तुमच्याकडे पाहिजे.

आता पैशाचं. स्पॉटिफाय प्रत्येक ऐकण्यामागे ठरलेला भाव देत नाही. सबस्क्रिप्शन आणि जाहिरातींतून महिन्याला जे जमतं, त्यातला साधारण दोन तृतीयांश हिस्सा हक्कदारांसाठी निघतो आणि एकूण ऐकण्यात तुमचा वाटा किती त्या प्रमाणात मिळतो. आपल्याकडे सबस्क्रिप्शन स्वस्त आणि फुकट ऐकणारे जास्त, म्हणून भारतातल्या ऐकण्यातून कमी येतं. न्यू जर्सीत बसलेल्या मराठी माणसाने सबस्क्रिप्शनवर तेच गाणं ऐकलं तर जास्त येतं. तीस सेकंद ऐकलं गेलं तरच ते मोजलं जातं. (आमच्याकडच्या हळदीच्या गाण्यांत सुरुवातीला चाळीस सेकंद प्रायोजकांची नावं आणि ‘सादर करीत आहे’ चालतं. ते व्हिडिओत ठेवा, ऑडिओत नको. लोक पुढे ढकलतात.) आणि २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा की मागच्या बारा महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे रेकॉर्डिंगचे पैसे लागूच होत नाहीत.

हिशेबापुरतं धरू की एका ऐकण्यामागे हातात ८ पैसे पडले. एक लाख वेळा ऐकलं तर ८,००० रुपये. लाख वेळा! तुमच्या गावची लोकसंख्या किती आहे? म्हणून “स्ट्रीमिंगवर घर चालेल” असं सांगणाऱ्या कोर्सवाल्यांपासून लांब राहा. घर चालणार नाही. पण हे ८,००० कशाचे आहेत ते बघा. गाणं एकदाच केलं, आणि ते पुढच्या लग्नसराईतही वाजणार, त्याच्या पुढच्याही. दुकानात असा एक तरी आयटम आहे का जो विकल्यावर परत फळीवर असतो?

यूट्यूबचं वेगळं आहे आणि मराठी गाण्यासाठी ते जास्त महत्त्वाचं. स्वतःच्या चॅनलवर जाहिरातीचे पैसे हवे असतील तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत १ कोटी शॉर्ट्स व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे. पण कंटेंट आयडीमुळे आणखी एक दार उघडतं. लग्नाच्या व्हिडिओवाल्याने, डान्स क्लासने, कोणीही तुमचं गाणं वापरून व्हिडिओ टाकला तर यूट्यूब ते ओळखतं आणि त्या जाहिरातीचा पैसा तुमच्याकडे वळू शकतो. तुमच्या चॅनलला १,००० सबस्क्रायबर नसले तरी. म्हणजे २०१२ साली मी जो धंदा केला, तो आज कोणी यूट्यूबवर केला तर दादाला हिस्सा मिळेल. अट एकच, रेकॉर्डिंग दादाचं पाहिजे.

इथे एक धोका आहे. इंटरनेटवरून घेतलेला स्वस्तातला बीट शंभर जणांनी घेतलेला असतो. तो वापरून गाणं केलंत आणि कंटेंट आयडीत टाकलंत तर बाकीच्या नव्व्याण्णव जणांच्या व्हिडिओवर तुमचा दावा जाईल, तक्रारी येतील आणि खातं अडकेल. ॲपमधल्या तयार लूपचंही तेच. त्यापेक्षा आपला ढोलकीवाला आणि बेंजोवाला बरा. खर्च थोडा जास्त, पण आवाज तुमचाच.

अभंग गाणाऱ्यांसाठी: तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण चाल सगळ्यांची नसते. लताबाईंनी गायलेले तुकोबांचे जे अभंग आपल्या कानात बसलेत, त्यातल्या अनेकांच्या चाली श्रीनिवास खळ्यांच्या. खळे २०११ साली गेले. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो, म्हणजे २०७१ संपेपर्यंत ती चाल परवानगीशिवाय वापरून तुमची म्हणता येणार नाही. नवी चाल बांधा. मंडळातल्या बुवांना सांगा, त्यांना येतं ते.

आणि पैसे देऊन व्ह्यूज किंवा स्ट्रीम विकत घेऊ नका. “५०० रुपयांत १० हजार स्ट्रीम” असे मेसेज येतात. बनावट ऐकणं पकडलं की त्याचे पैसे मिळत नाहीत, गाणं काढलं जातं, आणि स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरकडून दंडही घेते, जो तो तुमच्या खात्यातून वळता करू शकतो.

यूट्यूबच्या पैशांत टॅक्सचा फॉर्म भरायचा राहिला तर जागतिक कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापलं जाऊ शकतं. भरला की भारत-अमेरिका करारामुळे फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के. दहा मिनिटांचं काम. पॅन कार्ड घेऊन बसा आणि उरका. १०० डॉलर जमेपर्यंत पैसे खात्यात येत नाहीत, त्यामुळे पहिले काही महिने शांतता असते. घाबरू नका.

मग चॅनलला किंवा कंपनीला गाणं द्यायचंच नाही का? मी तसं म्हणत नाही. मोठ्या चॅनलकडे प्रेक्षक आहेत, तुमच्याकडे नाहीत, हे खरं आहे. आमच्या दुकानातही मी काही माल दुसऱ्याच्या ब्रँडखाली विकतोच. पण विकू नका, भाड्याने द्या. तीन वर्षांसाठी, फक्त व्हिडिओसाठी, ऑडिओचं डिस्ट्रिब्युशन माझ्याकडे, आणि कमाईचे इतके टक्के दर सहा महिन्यांनी. नाही म्हणाले तर? काही जण नाही म्हणतील. एखादं गाणं हातचं जाईल. मला विचाराल तर जाऊ द्या. तुमच्याकडे दहा गाणी असतील तर एक-दोन विकून बाकीच्यांचा स्टुडिओ खर्च काढा, तो धंद्याचा निर्णय झाला. पण दहाही गाणी विकून वर्षाच्या शेवटी हातात फक्त फोटो राहत असतील तर तो धंदा तुमचा नाही, त्यांचा आहे.

आधी सही केली असेल तर करार नीट वाचा. कायद्यात कलाकाराच्या बाजूच्या काही गोष्टी आहेत आणि त्या कोणी सांगत नाही. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात, तोंडी नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर, करारात वेगळं लिहिलं नसल्यास, तो हक्क संपतो. “घेऊन ठेवलं पण रिलीजच केलं नाही” असं ज्यांचं झालंय त्यांनी वकिलाला हे कलम १९ दाखवा.

दादाचं पुढे काय झालं ते सांगतो. आयपीआरएसचा फॉर्म आम्ही दुकानातच बसून भरला. या लग्नसराईसाठी त्याने नवीन गाणं स्वतःच्या पैशाने केलं, साडेतेरा हजार खर्च. रिलीजच्या महिनाभर आधी अपलोड केलं, कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी लागतं आणि आपल्याकडे हळद काही प्लेलिस्ट बघून पुढे ढकलत नाहीत. व्हिडिओखाली बेंजो पार्टीचा बुकिंग नंबर टाकला. रिपोर्ट दोन-तीन महिने उशिरा येतो. पहिला आला तेव्हा ४१२ रुपये होते. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. पण त्याच नंबरवरून पाच सुपाऱ्या आल्या होत्या, त्यातल्या दोन ठाण्याच्या, जिथे त्याला आधी कोणी ओळखत नव्हतं. स्टुडिओचा खर्च पहिल्याच सुपारीत निघाला. त्या ४१२ साठी मी वहीत वेगळं पान काढायला लावलंय.

गाणं करायच्या आधी स्टुडिओतच एक कागद केला होता: शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंगचा मालक कोण, कमाईत कोणाचे किती टक्के, सगळ्यांच्या सह्या. ढोलकीवाला पोरगा सही करायला तयार होईना. त्याला वाटलं आपल्याकडून काहीतरी काढून घेतायत. शेवटी दादाने त्याला त्याच्या नावापुढचे दहा टक्के बोटाने दाखवले.

तो कागद कसा करायचा ते पुढच्या व्हिडिओत ओळीओळीने दाखवतो. तोपर्यंत जुन्या गाण्यांचे करार शोधून ठेवा. कपाटात नसतील तर आईला विचारा, लाइट बिलांच्या पिशवीत असतात.